फिनलंडचा कोणता अभिनेता आवर्जून पाहावा?

प्रश्न असा आहे की फिनलंडच्या एखाद्या नट-नटीची ओळख करून द्या, नाटक आणि सिनेमा दोन्हीकडे वावरलेली. माझ्याकडे एकच नाव आहे: मात्ती पेल्लोनपॅ. पंधरा-सोळा वर्षं मी त्याचे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो आहे.

जन्म २८ मार्च १९५१, हेलसिंकी. अकरा वर्षांचा असताना, १९६२ मध्ये, तो फिनलंडच्या सरकारी रेडिओवर श्रुतिकांमध्ये काम करू लागला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे त्याचा चेहरा जवळजवळ हलत नाही आणि सगळा भार आवाजावर असतो. सत्तरच्या दशकात हौशी नाटक मंडळींमध्ये कामं करता करता तो नाट्य अकादमीत शिकत होता. १९७७ मध्ये शिक्षण पूर्ण झालं.

जगाला तो कळला फिनिश दिग्दर्शक आकी काउरिस्मॅकीच्या चित्रपटांमुळे. 'शॅडोज इन पॅरडाइज' (१९८६) मध्ये तो कचरागाडीवरचा कामगार आहे, निकांदर. हाताला जखम झालेली असते आणि सुपरमार्केटच्या काउंटरवरची इलोना (काती ओउतिनेन) त्याच्या हाताला पट्टी बांधते. प्रेम तिथून सुरू होतं. पहिल्या भेटीला हा माणूस तिला कुठे नेतो? बिंगो खेळायला! झुबकेदार मिशा, मागे वळवलेले केस, थकलेले डोळे. तो हसत नाही, रडत नाही, तरी त्याला ती किती हवी आहे हे आपल्याला स्वच्छ दिसतं. हे सोपं नाही. भल्याभल्यांना पडद्यावर नुसतं उभं राहणं जमत नाही.

१९९२ च्या 'ला व्ही द बोएम'मध्ये तो पॅरिसमध्ये कागदपत्रांविना राहणारा अल्बेनियन चित्रकार झाला. फिनिश नट, संवाद फ्रेंच. त्या भूमिकेसाठी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा युरोपियन चित्रपट पुरस्कार मिळाला.

तुम्ही मात्र सुरुवात अमेरिकी दिग्दर्शक जिम जार्मुशच्या 'नाइट ऑन अर्थ' (१९९१) या टॅक्सीतल्या वेगवेगळ्या कथांच्या चित्रपटातल्या शेवटच्या कथेपासून करा. हेलसिंकी, बर्फ, पहाट व्हायची आहे. टॅक्सीत तीन प्यायलेले कामगार, त्यातला एक बेशुद्ध पडलेला. त्याची नोकरी गेली, बायकोने घराबाहेर काढलं, असं बाकीचे दोघे सांगतात. मग ड्रायव्हर मिका, म्हणजे पेल्लोनपॅ, स्वतःची गोष्ट सांगतो. दिवस भरण्याआधी जन्मलेली मुलगी. ती जगणार नाही म्हणून तिला जीव लावायचाच नाही, असं त्याने ठरवलेलं. पण पोर तग धरून राहते, तेव्हा नवरा-बायको मन बदलतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. हे सगळं तो रस्ता सांगावा तसं सांगतो. मागचे दोघे ढसाढसा रडतात, आपलाही गळा दाटतो, आणि त्याचा आवाज मात्र चढत नाही.

१३ जुलै १९९५ ला वासा शहरात हृदयविकाराने तो गेला. वय ४४.

'ड्रिफ्टिंग क्लाउड्स'ची मुख्य भूमिका काउरिस्मॅकीने त्याच्यासाठीच योजली होती. त्याच्या जाण्यानंतर ती बदलून ओउतिनेनला दिली आणि १९९६ मध्ये चित्रपट आला. त्यात एका क्षणी ती आपल्या गेलेल्या मुलाच्या फोटोकडे पाहत उभी राहते. तो फोटो पेल्लोनपॅचा आहे, लहानपणीचा.