मला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं अशी मेंदूची ठेवण) आहे. रनिंग ग्रुपमध्ये कुणी साधं काही बोललं तरी दिवसभर लागून राहतं. धावणं सोडून द्यावं का?

सोडू नका. मी तीनदा ग्रुप सोडलाय आणि तिन्ही वेळा ओशाळून परत गेलेय, म्हणून सांगते.

बडोद्यात कमाटीबागेत आम्ही पहाटे साडेपाचला जमतो. मागच्या हिवाळ्यात ग्रुप चालवणारे काका मला म्हणाले, "तू पाछळ रहे तो चालशे," म्हणजे तू मागे राहिलीस तरी चालेल. मी ऐकलं, तू असलीस काय नि नसलीस काय! कान तापले. घरी येऊन व्हॉट्सॲप ग्रुप सोडला आणि संध्याकाळी रागाच्या भरात पंधरा किलोमीटर पळाले, तेही जीव खाऊन. नडग्या अशा ठणकायला लागल्या की तीन आठवडे पळणं बंद. काकांना म्हणायचं होतं एवढंच, की नुकताच ताप येऊन गेलाय, दमानं घे. हे मला कळलं त्यांच्या बायकोकडून, त्या दांडिया बाजारात भेटल्या तेव्हा.

साध्या बोलण्यातही नकार ऐकू येऊन तो असा लागणं, याला रिजेक्शन सेन्सिटिव्हिटी म्हणतात. डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, हे वेगळं निदान नाही, पण एडीएचडीत भावना आवरणं जड जातं हे डॉक्टरांना नवं नाही. दिवसच्या दिवस त्यात जात असतील तर तुमच्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा. मी दोन वर्षं फक्त ‘लक्ष लागत नाही’ एवढंच सांगत होते.

आता लागलं की त्या दिवशी पाचच किलोमीटर, तेही गप्पा मारता येतील इतकं हळू. घड्याळ घरी. (मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध घेत असाल तर नाडी तशीही थोडी चढी असू शकते, घड्याळातले नाडीचे झोन फसवू शकतात. मी श्वासावरच जाते.) स्ट्राव्हा या धावण्याच्या ॲपवरच्या कुडोसची (लाइक्सची) नोटिफिकेशन्स बंद. ग्रुप सोडायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर. तोवर वहीत दोन ओळी लिहायच्या: वर समोरचा काय बोलला, शब्द न् शब्द, खाली मी काय ऐकलं. ‘चालशे’ पहिल्याच पानावर आहे.

सगळ्यात अवघड म्हणजे विचारणं. काकांना एकदा सगळं सांगून टाकलं, तेव्हापासून सरळ विचारते, "काका, रागावलात का?" परवा ते माझ्या अंगावरून न बोलता पुढे गेले. पुढच्या फेरीत गाठून विचारलं.

कानात इअरफोन होते.