खाज मनाची की यकृताची?

‘अंगावर काही दिसत नाही, तरी रात्र रात्र खाजवत बसते. सगळे म्हणतात टेन्शन आहे. आता तुम्हीच समजवा,’ असं सांगत ते गृहस्थ पत्नीला घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ताई पन्नाशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी विचारलं ते एवढंच, ‘मला वेड तर लागत नाहीये ना?’

ताणाने खाज वाढते, हे खरं आहे. पण ताणाचा शिक्का मारण्याआधी मी कुठे, कधी आणि कशी, हे विचारतेच. त्यांची खाज तळहात-तळपायांवर जास्त, आणि अंथरुणाला पाठ टेकली की जोर धरणारी. पुरळ नाही, गांधी नाहीत. ॲलर्जीच्या गोळ्यांनी झोप यायची, खाज जात नव्हती. हातांवर, खांद्यांवर नखांचे ओरखडे होते. पाठीचा मधला भाग मात्र कोरा, कारण तिथे हात पोचत नाही. त्वचेचाच आजार असता तर त्याने हात पोचतो की नाही ते पाहिलं नसतं. शिवाय सतत थकवा. तो वयाच्या खात्यावर टाकला होता.

मी म्हटलं, ‘बोलूया आपण, पण आधी यकृताच्या रक्ततपासण्या करून फिजिशियनला दाखवा.’ यजमान म्हणाले, ‘पण डोळे कुठे पिवळे आहेत?’ डोळे पिवळे नाहीत म्हणजे यकृत ठीक, हा गैरसमज फार पसरलेला आहे. एक डेसिलिटर रक्तात बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य) साधारण 2.5 ते 3 मिलिग्रॅमपर्यंत पोचल्याशिवाय डोळ्यांचा पिवळेपणा सहसा लक्षात येत नाही. पित्ताचा प्रवाह अडल्याने येणारी खाज त्याच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकते.

ताईंचं बिलिरुबिन नॉर्मल होतं, अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे पित्ताचा प्रवाह अडला की रक्तात वाढणारं एन्झाइम, बरंच वाढलेलं. पुढच्या तपासण्यांत निदान झालं प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवरच उलटते. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो आणि दारूशी त्याचा संबंध नाही. हे दुसरं वाक्य मला नातेवाइकांपुढे मुद्दाम मोठ्याने म्हणावं लागलं.

असं काही ऐकलं की लोक चेहऱ्यावरचे वांग, मुरुम दाखवत ‘लिव्हर खराब झालंय का?’ म्हणून विचारतात. बहुतेक वेळा नाही. छातीवर मधल्या ठिपक्यातून पसरलेल्या, दाबल्यावर फिकट होणाऱ्या लाल कोळ्यासारख्या रेषा जुनाट यकृतविकारात दिसतात, पण एखाददुसरी निरोगी माणसातही असते, गरोदरपणातही येते. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना पुरळाविना खाज सुटली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बाळासाठी ते महत्त्वाचं असतं. गडद लघवी, पांढुरकी शौच, सहज उठणारे काळेनिळे डाग, यांपैकी काही दिसलं तरीही डॉक्टरांकडे जायला थांबू नये.

ताईंना अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड सुरू झालं. त्याने आजाराला आवर बसतो, खाजेला बसेलच असं नाही. म्हणून कोलेस्टिरामिनची पावडर वेगळी दिली, दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवून, नाहीतर ती पावडर दुसरं औषध शोषू देत नाही.

माझ्याकडे त्या येत राहिल्या. खाज निम्म्यावर आली तरी ‘आजही झोप लागणार नाही’ ही धास्ती संध्याकाळपासूनच सुरू व्हायची, आणि त्या धास्तीवर आम्ही दोघींनी काम केलं.