ओताकु, वाइफू आणि इतर भांडणं

गेल्या अंकात मी एका उत्तरात 'त्सुन्देरे' हा शब्द जाता जाता वापरला. त्यावर आलेल्या पत्रांत 'तुम्ही चूक लिहिलंत' असं म्हणणारे निम्मे आणि त्या निम्म्यांना चूक ठरवणारे निम्मे. तेव्हा या वेळी फक्त ॲनिमेतले, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांतले, शब्दच घेते. मी दिवसभर जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करते आणि रात्री ॲनिमे बघते. या दोन्हींतलं जपानी एकमेकांना ओळखही दाखवत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : 'अटॅक ऑन टायटन' शोनेन आहे की नाही यावरून मित्राशी दोन आठवडे अबोला आहे. तो म्हणतो, इतकं रक्त, इतकी माणसं मरतात, हे मुलांसाठीचं कसं असेल? निकाल द्या. (अकरावीतला वाचक)

निकाल तुझ्या बाजूने, पण पेढे वाटू नकोस. 'शोनेन' म्हणजे मुलगा, किशोर. मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, बाबतीत हा शब्द गोष्ट कशी आहे ते सांगत नाही, ती कुठल्या मासिकात छापली ते सांगतो. ही मालिका २००९ ते २०२१ कोदान्शा प्रकाशनाच्या 'बेस्सात्सु शोनेन मॅगझिन'मध्ये आली. नावातच शोनेन आहे, विषय संपला. उलट शाळेच्या संगीत क्लबातल्या मुली चहा पितात, केक खातात, मधूनच गिटार वाजवतात, ती 'के-ऑन!' ज्या मासिकात आली त्याचा वाचक मोठा पुरुष धरलेला आहे. म्हणजे हिशेबाने ती 'सेइनेन'. तुझ्या मित्राला हे सांग आणि त्याचा चेहरा बघ.

छापील जपानी अंक हाती लागला तर एक गंमत कर. कांजी, म्हणजे चिनीतून आलेल्या, अक्षरांच्या शेजारी मुंगीएवढी अक्षरं दिसतात का बघ. त्याला फुरिगाना म्हणतात, कांजीचा उच्चार सांगणारी अक्षरं. शोनेन मासिकांत ती जवळपास प्रत्येक कांजीला असतात, कारण शाळकरी मुलाला सगळ्या कांजी येत नाहीत. मोठ्यांच्या मासिकांत ती बहुतेक गायब. मी शिकत असताना माझं वय तिशीचं आणि वाचन शोनेनचं होतं ते याच कारणाने. सेइनेन उघडलं की दर ओळीला शब्दकोश.

आता मित्राची बाजू. 'काउबॉय बीबॉप' (१९९८) मुळात टीव्हीसाठीच लिहिलेली मालिका, तिच्या मागे मासिक नाही. मग तिला शोनेन म्हणायचं की सेइनेन? मासिकाचा नियम इथे लंगडा पडतो आणि लोक गोष्टीचा पोत बघूनच बोलतात. शिवाय जगभरचे प्रेक्षक शोनेन म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आरडाओरडा, स्पर्धा, मैत्री आणि शेवटच्या क्षणी सापडलेली नवी ताकद असते. तुझा मित्र त्या अर्थाने बोलत होता. त्याला 'बॅटल शोनेन' म्हणायला सांग आणि अबोला सोड.

प्रश्न : माझी मुलगी स्वतःला अभिमानाने 'ओताकु' म्हणवते. जपानमध्ये ही शिवी आहे असं कुणीतरी सांगितलं. तिला थांबवू का? (एक आई)

थांबवू नका. ओताकु म्हणजे ॲनिमेसारख्या एखाद्या गोष्टीचं वेड असलेला चाहता. पण माझी फजिती तिला जरूर सांगा.

जपानीच्या वर्गातला माझा पहिला महिना. शिक्षिका जपानी, साठीच्या पुढच्या, अतिशय नेमक्या. प्रत्येकाने उठून स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी घरून घोकून गेलेलं वाक्य म्हटलं : "वाताशि वा ओताकु देसु." मी ओताकु आहे. बाईंचं पेन कागदावर थांबलं. मग त्या "सो देसु का" (असं का) म्हणाल्या, त्यातला 'का' असा खाली उतरवून की वर्गातला पंखा ऐकू यायला लागला. तास संपल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आनिमे गा सुकि देसु असं म्हणत जा." मला ॲनिमे आवडतं, एवढंच.

'ताकु' म्हणजे घर आणि 'ओ' हा आदराचा. ओताकु म्हणजे 'आपलं घर', आणि त्यावरून समोरच्यालाच म्हणायचं 'आपण'. जुन्या मराठीत नवरा बायकोचा उल्लेख 'आमचं कुटुंब' असा करायचा ना, तसंच काहीसं : माणसाला हात न लावता त्याच्या आजूबाजूला बोट दाखवायचं. ॲनिमेचे चाहते एकमेकांना असं अवघडलेपणाने 'ओताकु' म्हणतात हे हेरून नाकामोरि आकिओ या लेखकाने १९८३मध्ये 'मांगा बुरिक्को' मासिकात त्यांची टर उडवली, आणि शब्द चिकटला. १९८९मध्ये लहान मुलींच्या खुनांबद्दल एका तरुणाला अटक झाली, त्याच्या खोलीत हजारो व्हिडिओ कॅसेट सापडल्या, आणि वर्तमानपत्रांनी त्याला ओताकु म्हटलं. माझ्या बाईंच्या कानात तो काळ असणार. आजची जपानी तरुण मुलं रेल्वेचं वेड असलेल्याला 'तेत्सुदो ओताकु' सहज म्हणतात, स्वतःलाही म्हणतात. तेव्हा मुलीने मैत्रिणींत खुशाल म्हणावं. साठीच्या जपानी बाईंसमोर नको.

प्रश्न : माझ्या नवऱ्याच्या फोनवर एका निळ्या केसांच्या मुलीचं चित्र आहे आणि खाली 'माय वाइफू'. मग मी कोण?

तुम्ही वाइफ. ती वाइफू. दोघींत भांडण नाही, कारण ती बिल भरत नाही.

चाहता ज्या काल्पनिक पात्राला आपली बायको मानतो, ती वाइफू. मौज अशी की या शब्दाचा उगम ज्या प्रसंगात सांगतात, त्यातली बाई खरीखुरी बायकोच आहे. 'आझुमांगा दाइओ' या मालिकेत (२००२) किमुरा नावाचे एक विचित्र शिक्षक आहेत. त्यांच्याजवळचा फोटो खाली पडतो, ही सुंदर बाई कोण म्हणून मुली विचारतात, आणि ते गंभीरपणे जपानी उच्चारातलं इंग्रजी फेकतात : "माइ वाइफु." परदेशातल्या चाहत्यांनी तो उच्चार उचलला आणि बायको बाहेर ठेवून शब्द तेवढा घरी आणला. जपानी चाहते 'ओरे नो योमे' म्हणायचे, माझी नवरी. आणि एक मालिका साधारण तीन महिने, बारा-तेरा भाग चालते, म्हणून यांची नवरीही दर तीन महिन्यांनी बदलते, असा विनोद तेच स्वतःवर करायचे. चित्र बदललंय का, तेवढं बघत राहा.

प्रश्न : त्सुन्देरे म्हणजे सरळ 'फणस' का लिहीत नाही? बाहेरून काटे, आत गरे.

याच शब्दावरून सगळी पत्रं. 'त्सुन्त्सुन' म्हणजे नाक वर करून फटकून वागणं, 'देरेदेरे' म्हणजे प्रेमाने पाघळणं. सुरुवातीला या जोडशब्दात काळ होता : आधी त्सुन, मग गोष्ट पुढे सरकेल तसं देरे. किंवा चारचौघांत त्सुन, एकांतात देरे. फणस पहिल्या दिवसापासून आतून गोडच असतो. त्सुन्देरे हळूहळू पिकते, आणि बघणाऱ्याला मजा असते ती पिकण्याची. पुढे लेखकांनी घाई केली. एकाच वाक्यात "तुझ्यासाठी नाही हं केलं!" म्हणत डबा पुढे करणारी मुलगी हाच नमुना झाला, आणि त्या नमुन्याला तुमचा फणस अगदी बसतो. मला जुना अर्थ आवडतो, म्हणून मी फणस लिहिणार नाही. आणि वर्गातली नुसती उद्धट मुलगी दोन्ही अर्थांनी त्सुन्देरे नव्हे. तिला तुम्ही आवडत नाही.

प्रश्न : 'साकुगा' म्हणजे भारी ॲनिमेशन ना?

तुमच्या गटात हो. जपानीत साकुगा म्हणजे नुसतं चित्र काढणं, चित्रकाम. शेवटच्या नामावलीत 'साकुगा कान्तोकु' म्हणजे चित्रकामाचा दिग्दर्शक असतो. पात्रांचे डोळे कपाळावर गेलेल्या भागातही असतो, बिचारा. सेकंदाला चोवीस चौकटी असल्या तरी एकेक चित्र दोन-तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे प्रत्यक्षात बारा किंवा आठच चित्रं. त्यामुळे 'जास्त चित्रं म्हणजे साकुगा' हेही खरं नाही. आठ चित्रांत जीव ओतणारे लोक आहेत.

प्रश्न : 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ॲनिमे आहे का? आणि अर्थ जपान्यांचा खरा की आपला?

जपानमध्ये 'आनिमे' हे 'आनिमेशोन'चं लघुरूप. डिस्नेही आनिमे, अवतारही आनिमे. जपानबाहेर मात्र या शब्दाचा अर्थ जपानमध्ये तयार झालेलं ॲनिमेशन, आणि २००५ची ही मालिका अमेरिकी, म्हणून नाही. म्हणजे 'जपान्यांना विचारा' म्हणणारे जे उत्तर गृहीत धरून बसलेत, त्याच्या नेमकं उलट उत्तर जपानी देतील.

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे शिक्षा. शब्द एकाच घरून निघालेला. म्हणून मराठी माणूस चुकतो असं कुणी म्हणत नाही, फक्त 'उच्च शिक्षा' ऐकून दचकतो. मी मराठीत लिहिताना ॲनिमे हा शब्द जपानी मालिकांसाठीच वापरते, आणि अवतारला उत्तम कार्टून म्हणते. यावर पत्रं येणार. पाठवा, पण पुढच्या अंकात मला 'इसेकाइ'च्या (नायक दुसऱ्याच जगात जाऊन पडतो त्या गोष्टींच्या) पाच पत्रांची उत्तरं द्यायची आहेत आणि त्यातल्या दोघांनी एकमेकांविरुद्ध लिहिलंय. अक्षरावरून ते सख्खे भाऊ वाटतात.