मुलीने फ्लाइट इन्स्ट्रक्टर व्हावं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलीला कमर्शिअल पायलट लायसन्स मिळून वर्ष झालं, एअरलाइनच्या भरतीची वाट पाहणं चालू आहे, आणि ती जिथे शिकली त्याच फ्लाइंग स्कूलने 'असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग कर आणि इथेच शिकव' असं सुचवलंय. तिची तयारी आहे. तिच्या बाबांना मात्र वाटतं की एवढा पैसा घालून मुलगी शेवटी मास्तरीणच झाली. तुमची काळजी वेगळी आहे. तुम्ही लिहिता, 'रोज तीच धावपट्टी, तेच टेकऑफ-लँडिंग. तिचं मन त्यात किती दिवस रमेल?'

बाबांच्या शंकेचं आधी सांगते. कमर्शिअल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. पुढे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी १५०० तास लागतात. घरी बसून ते वाढत नाहीत आणि पदरचे पैसे घालून वाढवणं बहुतेक घरांना झेपत नाही. शिकवताना केलेलं उड्डाण तिच्या लॉगबुकात पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला पायलट) म्हणून जमा होतं, शिवाय पगार मिळतो. तो एअरलाइनपेक्षा बराच कमी असतो, हे मात्र धरून चाला.

तुमचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. मला भेटणारे इन्स्ट्रक्टर सांगतात की दिवस कसा गेला, हे शेजारच्या सीटवर कोण होतं यावर ठरतं.

विदर्भ-खानदेशातल्या उन्हाळ्यात ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेने छोटं विमान हेलकावे खायला लागतं, म्हणून नवख्या मुलांचा सराव सकाळीच उरकतात. अशा सकाळी एक मुलगा येतो तो वाऱ्याची दिशा, चालू धावपट्टी आणि क्यूएनएच (उंचीमापक जुळवायला लागणारा हवेचा दाब) वहीत उतरवूनच. पंखाखालच्या ड्रेनमधून थोडं इंधन काढून उजेडात धरतो, तळाशी पाणी तर नाही ना ते बघतो. ब्रीफिंगला बसताच विचारतो, 'मॅम, काल बेस लेगवर माझा स्पीड दर वेळी वाढत होता. धावपट्टी शोधायला मी मान वळवतो, तेव्हा नाक खाली जातं का?' कालच्या उड्डाणाची रात्री त्याने मनातल्या मनात उजळणी केलेली असते. आज बेस लेगवर, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे वळण्याआधीच्या आडव्या टप्प्यात, त्याला काही सांगावं लागत नाही. तो वेळ फ्लेअर शिकवायला मिळतो: धावपट्टी जवळ आली की नजर तिच्या दूरच्या टोकाकडे न्यायची, पॉवर कमी करायची आणि नाक अलगद उचलायचं. त्यानंतर त्याच विमानात दुसरा मुलगा बसतो. त्याने कालचं काहीच वाचलेलं नसतं, त्यामुळे अर्धं उड्डाण कालच्याच चुका पुन्हा सांगण्यात जातं. त्या एका तासासाठी त्याच्या आईवडिलांनी हजारो रुपये भरलेले असतात. इन्स्ट्रक्टर थकतात ते अशा विद्यार्थ्यांपायी. धावपट्टी तीच असल्याची तक्रार त्यांच्यापैकी कोणी माझ्याकडे केलेली नाही.

चांगला विद्यार्थी शिकवणाऱ्यालाही कामाला लावतो. 'पंख तेच, मग वळणात विमान जास्त स्पीडला का स्टॉल होतं?' असं कोणीतरी विचारणारच. स्टॉल म्हणजे पंखांची उचल अचानक कोसळणं. ६० अंश कलून, उंची न गमावता वळताना पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. हे उत्तर तुमच्या मुलीने परीक्षेपुरतं पाठ केलेलं असेल. पण अठरा वर्षांच्या मुलाला पटेल असं सांगायचं तर तिला पुस्तक पुन्हा उघडावं लागेल, फळ्यावर बाण काढावे लागतील. बेसवरून फायनलला (धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला) वळताना विमान जास्त का कलवायचं नाही, हे तेव्हा तिच्याही मनात कायमचं पक्कं होईल. उद्या एअरलाइनच्या मुलाखतीला बसेल तेव्हा ही तयारी दिसते.

एका गोष्टीची मात्र तिला आत्ताच कल्पना द्या. आपल्याकडची मुलं मोठ्यांसमोर 'कळलं नाही' म्हणायला कचरतात. 'हो मॅम' म्हणत मान डोलावणारा मुलगा लक्ष देतोय असं वाटतं, आणि विमान स्टॉलमधून सावरायची वेळ आली की त्याच्या डोक्यात काहीच शिरलं नव्हतं हे कळतं. म्हणून जाणते इन्स्ट्रक्टर 'कळलं का?' असं विचारत नाहीत. 'आता तू काय करणार आहेस, ते मला सांग' म्हणतात. उत्तर चुकलं तरी आवाज चढवत नाहीत. काही आठवड्यांत तोच गप्प मुलगा आपणहून प्रश्न घेऊन येऊ लागतो. आयते उत्सुक विद्यार्थी तुमच्या मुलीच्या वाट्याला थोडेच येतील. बाकीच्यांना तिलाच घडवावं लागेल, आणि माझ्या मते या नोकरीचं खरं समाधान त्यातच आहे. बॅचमधल्या मित्राचा सोलो (एकट्याने केलेलं उड्डाण) झाला म्हणून रडकुंडीला आलेली मुलंही भेटतील. त्यांना हुरूप भरपूर असतो, पण ऐकून घ्यायची तयारी नसते. त्यांना 'अजून नाही' म्हणता आलं पाहिजे.

असिस्टंट इन्स्ट्रक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकवतो. तरी तिने घडवलेला मुलगा पहिल्या सोलोला निघेल, तेव्हा ती खाली उभी असेल. शेजारची सीट रिकामी असल्याने विमान हलकं होतं, नेहमीपेक्षा लवकर वर उठतं. 'दचकू नकोस' असं तिने त्याला आधीच सांगून ठेवलेलं असेल. जमलं तर तिच्या बाबांना अशा एखाद्या दिवशी तिथे घेऊन जा. सोलो करून आलेल्या मुलावर मित्र बादलीभर पाणी ओततात, आणि तो भिजलेल्या कपड्यांनिशी आधी आपल्या इन्स्ट्रक्टरला शोधतो.

होकार देण्याआधी तिने शाळेला स्पष्ट विचारावं: एका इन्स्ट्रक्टरकडे किती मुलं असतात आणि ब्रीफिंग-डीब्रीफिंगला वेळापत्रकात जागा आहे का? मुलं रांगेने विमानात बसवायची आणि उतरवायची एवढंच जिथे चालतं, तिथे उत्सुक मुलगाही कोमेजतो आणि शिकवणाराही. बाँड असेल तर किती वर्षांचा, आणि मधेच एअरलाइनची निवड झाली तर काय, हे लेखी घ्या. एक प्रश्न तुम्ही तिला विचारा: हॉस्टेलवर मैत्रिणींना नॅव्हिगेशनची गणितं समजावून सांगताना तिला मजा यायची, की कधी संपतंय असं व्हायचं? पहिलं उत्तर असेल तर बिनधास्त पाठवा. दुसरं असेल, तर केवळ तासांसाठी या कामात पडू नये. तिच्या हाती कोणाचं तरी मूल सोपवलेलं असणार आहे.

एअरलाइनचे अर्ज चालूच ठेवू दे. क्लास वन मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या भरवशावर उडवायची परवानगी) यांची मुदत शिकवण्याच्या धांदलीत चुकते, त्या तारखा घरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवा.