व्हेनिसजवळच्या टॉर्चेल्लो बेटावर पाहण्यासारखं काय आहे? शेजारच्या बुरानो बेटाबरोबर एकाच दिवसात होईल का?

होईल, पण आधी टॉर्चेल्लो करा आणि मग बुरानो. बहुतेक लोक आधी बुरानोची रंगीत घरं बघत बसतात आणि टॉर्चेल्लोला दुपारी उशिरा पोचतात. तोवर तिथलं कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, बंद व्हायची वेळ जवळ आलेली असते. ते साधारण सकाळी साडेदहाच्या सुमारास उघडतं आणि हिवाळ्यात लवकर बंद होतं, म्हणून जायच्या आदल्या दिवशी वेळ तपासून घ्या.

व्हेनिसच्या उत्तर काठावरच्या फोंदामेन्ते नोवे धक्क्यावरून 12 क्रमांकाची बोट पकडायची. बुरानोपर्यंत पाऊण तास लागतो आणि तिथून टॉर्चेल्लो पाच मिनिटांवर आहे. काही बोटी थेट जातात, बाकीच्या वेळी बुरानोला बदलावी लागते. सुटं तिकीट साडेनऊ युरोचं असतं, पण ते फक्त 75 मिनिटं चालतं. जाणं, मधली बेटं आणि येणं एवढं धरलं तर 25 युरोचा 24 तासांचा पासच स्वस्त पडतो. चढण्याआधी तो यंत्राला लावायला विसरू नका, नाहीतर पास खिशात असूनही दंड होतो.

आता बघायचं काय, तर एक रिकामं झालेलं शहर. आज इथे जेमतेम दहा-पंधरा माणसं राहतात, पण 10व्या शतकात बायझँटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने टॉर्चेल्लोचा उल्लेख 'मोठी बाजारपेठ' असा केला होता. किनाऱ्यावरच्या अल्तिनो या रोमन शहरातले लोक आक्रमणांना कंटाळून लगूनमधल्या (समुद्रालगतच्या उथळ खाऱ्या सरोवरातल्या) बेटांवर सरकत गेले. 7व्या शतकात बिशपही आला आणि 639 मध्ये सान्ता मारिया आसुन्ता हे कॅथीड्रल उभं राहिलं. त्या वर्षाचा शिलालेख आजही आत आहे. व्हेनिसमधलं सेंट मार्कचं पहिलं चर्च त्यानंतर जवळपास दोन शतकांनी बांधलं गेलं. आत्ता दिसणारी इमारत मुख्यतः 1008च्या पुनर्बांधणीतली आहे.

मग शहर गेलं कुठे? युद्धात नाही, गाळात. सिले आणि देसे या नद्या लगूनच्या या कोपऱ्यात गाळ आणत राहिल्या. पाणी उथळ झालं, भरती-ओहोटीचा जोर कमी झाला आणि खाऱ्या पाण्यात गोडं मिसळून बोरू माजले. पाठोपाठ डास आणि मलेरिया आला. मोठ्या होड्या येईनाशा झाल्या आणि व्यापार व्हेनिसमधल्या रिआल्तो या भागाकडे गेला. माणसं गेली, मग त्यांच्या घरांच्या विटा आणि संगमरवरही होड्यांत भरून व्हेनिसच्या बांधकामांवर गेला. बिशपनेसुद्धा 1689 मध्ये व्हेनिसजवळचं मुरानो बेट गाठलं. त्याच शतकात व्हेनिसने सिलेचा प्रवाह लगूनबाहेर वळवला, पण टॉर्चेल्लोला त्याचा काही उपयोग झाला नाही. हे माहीत नसेल तर धक्क्यापासून कालव्याच्या काठाने जाणारी दहा मिनिटांची विटांची वाट म्हणजे नुसती शेतं आणि झुडपं वाटतात. खरं तर तुम्ही एका शहराच्या जागेवरून चालत असता.

वाटेत कठडे नसलेला 'सैतानाचा पूल' लागतो. लहान मुलं बरोबर असतील तर हात धरा, एवढंच त्याच्याबद्दल सांगण्यासारखं आहे.

खरा वेळ कॅथीड्रलला द्या, निदान एक तास. आधी वेदीकडे तोंड करून उभे राहा. सोनेरी पार्श्वभूमीवर बाळाला घेतलेली मेरी अगदी एकटी आहे, खाली बारा प्रेषित. मग मागे वळा. दाराच्या वरची अख्खी भिंत अंतिम न्यायाच्या मोझेकने, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्राने, भरली आहे. ते वरून खाली वाचायचं: सर्वांत वर क्रूस, त्याखाली नरकाची दारं तुडवणारा ख्रिस्त (पायाशी विखुरलेली कुलपं-किल्ल्या शोधा), मग न्यायासन. त्याखाली कर्णे वाजताच जनावरं आणि मासे आपण गिळलेल्या माणसांना परत ओकून टाकताहेत. तळाशी तराजू आहे आणि पारडं आपल्या बाजूला झुकवायला धडपडणारी भुतं. उजवीकडे नरकाचे कप्पे, त्यातल्या एकात कवट्यांच्या डोळ्यांतून साप निघतात. प्रार्थना संपवून बाहेर पडणाऱ्याला हेच दिसावं, अशीच ही मांडणी आहे. काही भाग 19व्या शतकातल्या दुरुस्तीत बदलले गेले, त्यामुळे सगळे चेहरे एकाच हाताचे वाटत नाहीत. वरचे तपशील लांब आहेत, छोटी दुर्बीण असेल तर घ्या. खांदे झाकलेले हवेत.

बाहेर आल्यावर दक्षिणेच्या भिंतीवरच्या खिडक्या बघा. त्यांची दारं अखंड दगडी फळ्यांची आहेत आणि बिजागऱ्याही दगडाच्याच. शेजारचं सान्ता फोस्का हे चर्च आतून जवळजवळ कोरं आहे आणि मला ते तसंच आवडतं. अंगणातली दगडी खुर्ची 'अटिलाचं सिंहासन' म्हणून दाखवतात. हूणांचा राजा अटिला 453 मध्येच मेला आणि त्याचा या खुर्चीशी काही संबंध नाही. ती बहुधा बिशपची किंवा इथे न्याय करणाऱ्या अधिकाऱ्याची असावी. फोटो काढायचाच असेल तर रांग नसताना काढा. घंटामनोरा उघडा असला तर जरूर चढा. खाजणं, गाळाचे पट्टे आणि त्यातून वळणारे पाण्याचे प्रवाह वरूनच नीट कळतात.

बेटावरच्या मोजक्या खानावळी महाग आहेत. 1948 मध्ये अमेरिकन लेखक हेमिंग्वे जिथे राहिला होता ती लोकांदा चिप्रियानी तर फारच. जेवण बुरानोला करा. उन्हाळ्यात डासांचं मलम सोबत असू द्या. संध्याकाळी बुरानोहून परतीच्या बोटीला मोठी रांग लागते, म्हणून एक बोट आधीची धरून वेळ ठरवा.