क्षयरोगाचा रिपोर्ट : कोणतं औषध तपासलंय, ते आधी बघा

प्रश्न : धाकट्या भावाच्या थुंकीच्या जीन एक्स्पर्टमध्ये क्षयाचे जंतू सापडले, पण ‘रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’, म्हणजे रिफॅम्पिसिन या औषधाला जंतूंचा विरोध आढळला नाही, असा शेरा होता. दोन महिने नियमित गोळ्या घेऊनही थुंकी पॉझिटिव्हच आहे. आता डॉक्टर एलपीए (लाइन प्रोब अ‍ॅसे) ही तपासणी सांगतात. पहिली तपासणी चुकली का?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : तसं म्हणता येणार नाही. जीन एक्स्पर्ट, म्हणजेच सरकारी दवाखान्यातली सीबीनॅट, जंतूच्या आरपीओबी जनुकातला एक छोटासा तुकडा वाचते. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंमधला बदल तिथेच असतो. पण आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल ही तपासणी एक अक्षरही सांगत नाही. ‘नॉट डिटेक्टेड’ वाचून सगळी औषधं लागू पडतील असं घरचे धरून चालतात आणि नेमके त्यातच महिने वाया जातात.

एलपीएमध्ये थुंकीतला डीएनए वाढवून पट्टीवर रेषा उमटवतात. तिच्यात रिफॅम्पिसिनसोबत आयसोनियाझिडचे कॅटजी आणि इन्हए हे दोन्ही जनुक दिसतात. बदल कॅटजीमध्ये असेल तर विरोध बहुधा तीव्र असतो. इन्हएमध्ये असेल तर तो सौम्य असतो, पण इथिओनामाइड हे औषध निकामी ठरतं. फक्त आयसोनियाझिडला विरोध निघाला तर उपचारात लिव्होफ्लॉक्सासिन घालतात. तेही लागू पडेल का, हे दुसऱ्या टप्प्याच्या एलपीएमधून कळतं, म्हणून तीही मागून घ्या.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचाराच. पहिली, आत्ताचं ‘पॉझिटिव्ह’ कोणत्या तपासणीतून आलं? जीन एक्स्पर्ट मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडते, त्यामुळे उपचार चालू असताना तिचा निकाल ग्राह्य नाही. सूक्ष्मदर्शकाखालीही मेलेले जंतू दिसू शकतात. ते जिवंत आहेत का, हे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघणंच, ठरवतं. दुसरी, लिक्विड कल्चर एलपीएसोबतच लावलंय का? ते निगेटिव्ह ठरवायला ४२ दिवस थांबावं लागतं, म्हणून आधी एलपीए, मग कल्चर असं करू नये. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसत नसतील तर थुंकीवर थेट केलेली एलपीए बऱ्याचदा वाचता येत नाही, मग कल्चरमध्ये वाढलेल्या जंतूंवरच ती करावी लागते. बेडाक्विलिन, लिनेझोलिड या औषधांची नेहमीची चाचणीही कल्चरवरच होते.

प्रश्न : आमच्याकडे सरकारी केंद्रात ट्रूनॅट ही तपासणी होते. ती हलकी समजायची का? बाहेर पैसे भरून जीन एक्स्पर्ट करावी का?
– एक वाचक, गोवंडी

उत्तर : नको. जागतिक आरोग्य संघटनेने जीन एक्स्पर्टला २०१० मध्ये आणि गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅटला २०२० मध्ये मान्यता दिली. ट्रूनॅट बॅटरीवर चालते, हा लहान केंद्रांसाठी मोठाच फायदा. फरक टप्प्यांचा आहे. जीन एक्स्पर्टमध्ये जंतू आणि रिफॅम्पिसिन दोन्ही एकाच कार्ट्रिजमध्ये, सुमारे दोन तासांत कळतात. ट्रूनॅटमध्ये आधी जंतूंची चिप लावतात आणि ती पॉझिटिव्ह आली तरच रिफॅम्पिसिनची वेगळी चिप लावतात. रिपोर्टवर रिफॅम्पिसिनची दुसरी ओळ नसेल तर तपासणी अर्धवट आहे, परत जाऊन ती मागा. ‘इंडिटरमिनेट’ (निकाल ठरवता आला नाही) लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘विरोध नाही’ असा होत नाही. नवा नमुना द्यावा लागतो. जीन एक्स्पर्टच्या ‘अल्ट्रा’ या प्रकारातला ‘ट्रेस’ (जंतू अगदी नगण्य) हा शेराही असाच, त्यात रिफॅम्पिसिनचा निकाल मिळतच नाही.

बाहेर खर्च करण्यापेक्षा नमुना नीट द्या. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरा. उघड्यावर, इतरांपासून लांब उभं राहून दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून ३ ते ५ मिली बेडका काढा. नुसती लाळ दिली तर जंतू कमी पडतात. अन्नाचे कण असतील तर यंत्र ‘एरर’ दाखवू शकतं. डबी घट्ट लावून उन्हापासून जपा आणि त्याच दिवशी पोचवा.

प्रश्न : जीन एक्स्पर्ट म्हणते रिफॅम्पिसिन चालणार नाही, कल्चर म्हणतं चालेल. कुणाचं खरं?
– एक वाचक, दादर

उत्तर : बऱ्याचदा जीन एक्स्पर्टचं. आरपीओबीमधले काही बदल सौम्य विरोध निर्माण करतात. असे जंतू कल्चरच्या औषध घातलेल्या नळीत सावकाश वाढतात आणि यंत्र ‘चालेल’ असा निकाल देतं, पण रुग्णाचा उपचार फसू शकतो. याच कारणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नळीतल्या रिफॅम्पिसिनचं प्रमाण मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमवरून ०.५ वर आणलं. एक अपवाद लक्षात ठेवा : रिपोर्टमध्ये जंतूंचं प्रमाण ‘व्हेरी लो’ असेल आणि रुग्णाने याआधी क्षयाची औषधं घेतलेली नसतील, तर नव्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करा. तरीही निकाल जुळले नाहीत तर जनुकाचं सिक्वेन्सिंग (त्याचा क्रम वाचणं) करून घ्या. तोवर गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : मुलीच्या मानेतली गाठ काढणार आहेत. त्यावरही या तपासण्या होतात का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : होतात, पण गाठ फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायच्या रसायनात) गेली की कल्चर संपलंच, आणि डीएनएही खराब होतो. शस्त्रक्रियेआधीच सर्जनना सांगा : एक तुकडा बायॉप्सीसाठी फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनच्या डबीत. सलाइनची डबी त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या, चिठ्ठीवर ‘जीन एक्स्पर्ट आणि क्षयाचं कल्चर’ दोन्ही लिहून घ्या. कुणी रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षय शोधून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका. त्या चाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे.