वाचकांचे प्रश्न : ‘जिन लेन’मधली आई

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने दारूविरोधी प्रदर्शनासाठी इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थचं ‘जिन लेन’ (म्हणजे जिन या दारूची गल्ली) हे चित्र निवडलं. त्यात नशेतल्या आईच्या हातून तान्हं मूल खाली पडतंय. काहीजणी भडकल्या, ‘ही बाईचीच बदनामी.’ चित्र लावावं का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, जरूर लावा. पण आधी चित्राच्या डाव्या बाजूला बघा. सावकाराच्या दारात एक सुतार करवत गहाण टाकतोय, शेजारी एक बाई स्वयंपाकाची भांडी घेऊन उभी आहे. करवत गेली की उद्याची मजुरी गेली आणि भांडी गेली की चूलच विझली. १७५१ सालच्या लंडनमधली, सेंट जाइल्सची ही गरीब वस्ती. तिथे धंदा जोरात आहे तो सावकाराचा, दारू गाळणाऱ्याचा आणि शवपेट्या विकणाऱ्याचा. होगार्थचा खरा राग यांच्यावर आहे, असं मी छापाचित्र शिकवताना मुलांना नेहमी सांगतो. त्याचे वडील कर्जापायी फ्लीट तुरुंगात होते. कर्ज घराचं काय करतं, ते त्याने लहानपणीच सोसलं होतं.

आपल्या भांडी बाजारात भांड्यांवर नावं घालून देणारे कारागीर बघितलेत ना? होगार्थची उमेदवारी अशाच कामात झाली, चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरण्यात. पुढे त्याने तांब्याचे पत्रे कोरले. रेघांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. एका पत्र्यावर शेकडो प्रती निघत. जास्त लोकांपर्यंत पोचावं म्हणून त्याने किंमत कमी ठेवली, एक शिलिंग. जिन पिणाऱ्याला तीही जडच. त्याच वर्षी पार्लमेंटने जिनच्या विक्रीवर कडक कायदा केला.

तुमच्या मैत्रिणींचा राग मला पटतो. त्या आईच्या पायांवरचे व्रण, चिमटीतली तपकीर, चेहऱ्यावरचं भान नसलेलं हसू त्याने इतक्या निर्दयपणे कोरलंय की बघणाऱ्याच्या लक्षात तीच राहते आणि सावकार सुटतो. म्हणून एकटं ‘जिन लेन’ लावू नका. जोडीचं ‘बिअर स्ट्रीट’ शेजारी हवं. तिथे सगळे खाऊनपिऊन सुखी आहेत आणि मोडकळीला आलंय ते सावकाराचं घर. बिअरची त्याने केलेली वाहवा तुमच्या मंडळाला चालणार नाही, तसं चित्राखाली स्पष्ट लिहा. आणि ‘जिन लेन’मधला सावकाराच्या दाराचा भाग मोठा करून वेगळा छापून घ्या. करवत आणि भांडी रस्त्यावरूनही दिसली पाहिजेत.